अगं, आधी पाच माणसं जमव

अगं, तुझा रात्री साडेअकराचा निरोप मी सकाळी दूध तापवताना वाचला. ‘ताई, घरच्यांसाठी स्वतःचा चॅट सर्व्हर काढावा म्हणतेय, पण वाचायला बसलं की डोकं गरगरतं. डोमेन, डॉकर, सर्टिफिकेट, पोर्ट... मला झेपेल का गं हे?’ झेपेल. हे उत्तर आधी पदरात घे, मग बाकीचं बोलू. जी मुलगी सासऱ्यांच्या गोळ्या, दोन पोरांचे डबे आणि सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब एकाच वहीत सांभाळते, तिला दोन ओळींची फाइल भरता येणार नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

फाइल खरोखर दोनच ओळींची आहे. त्याकडे येतेच. पण त्याआधी मला सांग, तुला हे हवंय कशासाठी?

कारण बघ, पुष्कळ जण ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवून या वाटेला लागतात. त्या रात्री आपल्याकडे नवाच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्ही बंद पडली आणि जगभर जवळपास सहा तास बंद राहिली. घटस्थापना तीन दिवसांवर आलेली, सगळ्यांची खरेदी-आमंत्रणं त्या ग्रुपांवर चाललेली. ‘आपलं आपल्या हातात हवं,’ असं तेव्हा अनेकांना वाटलं. खरं सांगू का, तेवढ्यासाठी करणार असशील तर करू नकोस. त्या ॲपवाल्यांकडे रात्रंदिवस जागी असणारी हजारो माणसं आहेत. तुझ्याकडे तू आहेस. तुझा सर्व्हर त्यांच्यापेक्षा जास्त वेळा पडेल, आणि तो पडेल तेव्हा तू कुकर लावत असशील.

माझं कारण वेगळं होतं. माझा भाचा तेव्हा आठ वर्षांचा. घरातला जुना टॅब त्याच्याकडे, त्यात सिम नाही. त्याला रोज शाळेतून आल्यावर आजीला चित्र दाखवायचं असायचं. फोन नंबर नाही, वय तेरा नाही, म्हणजे नेहमीच्या ॲपवर त्याचं खातं निघणार नाही. मग तो आईच्या फोनवरून पाठवायचा, आणि आईच्या फोनवर ऑफिसचे, शाळेचे, दूधवाल्याचे, सगळे निरोप उघडे. मला एवढंच हवं होतं, की एक खोली असावी जिथे आजी, आई, मावशी आणि हा पोरगा बसतील आणि बाहेरचं कुणी आत येणार नाही. तुझंही असं एखादं बारीक, स्वतःचं कारण असेल तर ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. दोन महिन्यांनी कंटाळा आला की तेच पान कामाला येतं.

आता निवड. फार खोलात नेत नाही, पण थोडं माहीत असलेलं बरं. गप्पांसाठी एक मोकळी भाषा आहे, एक्सएमपीपी. १९९९ मध्ये ती जॅबर नावानं लोकांसमोर आली. ईमेलसारखंच तिचं चालतं: तुझं खातं तुझ्या सर्व्हरवर, माझं माझ्या, तरी आपण बोलू शकतो. २००५ मध्ये आलेलं गूगल टॉकसुद्धा ही भाषा बोलायचं. पुढे गूगलनं तो रस्ता बंद केला, पण भाषा राहिली, कारण ती कुणा एकाच्या मालकीची नव्हती. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते गं. एखादी कंपनी गेली म्हणून आपलं बोलणं जायला नको.

या भाषेवर चालणारं स्निकेट नावाचं एक गाठोडं आहे, ते मी वापरते. प्रोसोडी नावाचा जो जुना, विश्वासाचा सर्व्हर आहे, तो लिहायला घेणाऱ्या मॅथ्यू वाइल्डनंच हे बांधलंय आणि ते घरगुती वापरासाठीच बांधलंय. तू निमंत्रणाची लिंक पाठवायची, समोरच्यानं ती दाबायची, ॲप उतरवायचं, नाव आणि पासवर्ड द्यायचा. झालं. अँड्रॉइडला चालतं, आयफोनला चालतं. आणि माझ्या भाच्यासाठी जे हवं होतं तेही त्यात आहे. मुलांचं खातं ‘मर्यादित’ करून ठेवता येतं, म्हणजे ते फक्त आपल्याच सर्व्हरवरच्या माणसांशी बोलू शकतं.

दुसरी वाट मॅट्रिक्स नावाच्या तशाच मोकळ्या भाषेची. फ्रान्सच्या सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी त्यावर चॅप हे ॲप उभारलं, जर्मनीच्या लष्करानं आपला मेसेंजर त्यावरच बांधला, तेव्हा ती काही कच्ची वाट नाही. पण तिचा नेहमीचा सर्व्हर मेमरी बरीच खातो. शिवाय मे २०२३ मध्ये केंद्र सरकारनं दहशतवाद्यांकडून होणाऱ्या वापराचं कारण देऊन १४ मेसेजिंग ॲप्स बंद करायला सांगितली, त्यात मॅट्रिक्सचं सगळ्यात ओळखीचं ॲप एलिमेंटही होतं. मुक्त सॉफ्टवेअरची माणसं त्याविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात गेली. तत्त्वाची लढाई त्यांनी लढावी, मी त्यांच्या बाजूची आहे. पण ज्या ॲपबद्दल उद्या ‘अगं, हे सापडतच नाही’ असा आईचा फोन येऊ शकतो, ते मी आईच्या हातात देणार नाही.

आणि बघ, स्वतःचा सर्व्हर काढणं नकोच वाटलं तर तेही चालेल. त्यात कमीपणा नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या भारतीय समुदायानं पोडरी नावाची सेवा स्वयंसेवकांच्या जिवावर वर्षानुवर्षं चालवली आहे. त्याच वर्तुळातल्या लोकांनी प्राव नावाचं ॲप काढलंय. मल्याळममध्ये प्राव म्हणजे कबूतर. त्यांना ते सहकारी संस्था म्हणून चालवायचंय, वापरणारेच सभासद, सभासदच मालक. दूध, साखर आणि पतपेढी सहकारानं चालवलेल्या आपल्या राज्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. मी स्वतः सहकारी बँकेत नोकरी करते, त्यामुळे मला तर ते ऐकून भरून आलं. प्रावही तीच एक्सएमपीपी भाषा बोलतं, म्हणजे तुझी एखादी मैत्रीण तिकडे असली तरी तुझ्या सर्व्हरवरून तिच्याशी बोलता येईल.

आता तुझा मोठा प्रश्न, मशीन ठेवायचं कुठे. तुझ्या डोक्यात आहे ते मला कळतंय: तपकीर गल्लीत जायचं, रास्पबेरी पाय नावाची छोट्या संगणकाची डबी घ्यायची आणि टीव्हीमागे ठेवून द्यायची. मीही तेच केलं होतं. विजेचं म्हणशील तर खर्च नगण्य, पाच वॉटचं यंत्र महिनाभर अखंड चाललं तरी चार युनिटंसुद्धा होत नाहीत. पण पुण्यातला गुरुवार तुला माहीत आहे. देखभालीच्या नावानं कधी पाणी नाही, कधी वीज नाही. इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा घेतलेला असतो, राउटर घेतलेला नसतो. सकाळी दहाला वीज गेली की माझ्या घरातल्या त्या डबीबरोबर सासवडच्या आत्याची, बाणेरच्या बहिणीची आणि जर्मनीतल्या दादाची गप्प बसायची वेळ यायची. वीज अचानक गेली की मेमरी कार्डही बिघडतं. माझं दुसऱ्याच पावसाळ्यात गेलं.

दुसरी अडचण दिसत नाही, पण जास्त त्रास तीच देते. आपल्याकडे बऱ्याच इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा पत्ता नसतो. समज, अख्ख्या सोसायटीला फाटकावरचा एकच नंबर आहे आणि फ्लॅटना नंबरच नाहीत. तू बाहेर कुणाला पत्र पाठवलंस तर उत्तर येतं, कारण वॉचमननं तुला जाताना पाहिलेलं असतं. पण बाहेरून कुणी नवा माणूस तुझ्याकडे यायला निघाला तर वॉचमन त्याला फाटकातूनच परत पाठवतो. सर्व्हरचं कामच मुळी बाहेरून येणाऱ्याला दार उघडायचं. तेव्हा घरी ठेवायचंच असेल तर आधी तुमच्या इंटरनेटवाल्याला फोन कर आणि विचार, ‘मला स्टॅटिक पब्लिक आयपी मिळेल का, आणि वर्षाला किती?’ हेच शब्द वापर. हे न विचारता मी दोन शनिवार-रविवार राउटरच्या सेटिंगमध्ये घालवले. सेटिंग पहिल्याच दिवशी बरोबर होतं.

म्हणून माझं ऐक, पहिलं वर्ष मशीन भाड्यानं घे. मुंबई किंवा बेंगळुरूच्या डेटा सेंटरमधलं सगळ्यात लहान, एक जीबी मेमरीचं. महिन्याला साधारण ४००-५०० रुपये, वर जीएसटी. डोमेनचे वर्षाला हजाराच्या आसपास. पाच घरांत वाटलं तर घरटी महिना सव्वाशेच्या आतबाहेर. पैसे मात्र सगळ्यांकडून घे हं. थोडे का होईना, घेच. भिशीत एकदा पैसे घातले की माणूस वेळेवर येतो, तसंच इथेही होतं. फुकट दिलं तर ते ‘ताईचं खूळ’ राहतं.

डोमेनचं नाव ठरवताना घाई करू नकोस. खातं निघालं की तेच नाव प्रत्येकाच्या पत्त्यात बसतं, पुढे बदलायचं म्हणजे सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून आणावं लागतं. छोटं, फोनवर सांगता येईल असं नाव घे. आणि त्याचं दरवर्षीचं नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी कर.

मांडणीचा दिवस मी पटकन उरकते, कारण तो खरंच अर्ध्या दिवसाचा आहे. डोमेनवाल्याच्या पानावर तीन नोंदी करायच्या: चॅटचा मुख्य पत्ता, त्याच्यापुढे ‘ग्रुप्स’ लावून एक आणि ‘शेअर’ लावून एक. तिन्ही तुझ्या भाड्याच्या मशीनकडे बोट दाखवतात. मशीनवर डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, त्यावर अशी तयार गाठोडी चालवणारा डॉकर. मग ती दोन ओळींची फाइल: एका ओळीत डोमेन, दुसऱ्या ओळीत तुझा ईमेल. एक आज्ञा दिलीस की सर्व्हर उठतो, लेट्स एन्क्रिप्टकडून सर्टिफिकेटही स्वतःच आणतो, फुकट. मशीनमध्ये शिरायला पासवर्ड ठेवू नकोस, चावीची फाइल वापर आणि पासवर्डनं शिरणं बंदच करून टाक. इंटरनेटवर मशीन आलं की काही मिनिटांत अनोळखी यंत्रं दार ठोठावायला लागतात. घाबरू नकोस, ती तुझ्यासाठी आलेली नसतात, प्रत्येक दार ठोठावतच फिरत असतात. पण कडी नीट हवी. आणि सुरक्षेचे बदल आपोआप बसतील अशी सोय डेबियनमध्ये आहे, ती चालू कर.

दारांवरूनच, म्हणजे पोर्टांवरूनच, दोन गोष्टी, दोन्ही मी भोगलेल्या. निरोप ये-जा करतात, फोटो जातात, पण कॉल लागला की रिंग वाजते, उचलला की पलीकडे शांतता. माझे वडील तीन दिवस ‘हॅलो, हॅलो’ म्हणत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘मला आता कमी ऐकू यायला लागलंय बहुतेक.’ मला फार वाईट वाटलं गं. त्यांचे कान शाबूत होते. कॉलचा आवाज निरोपांच्या दारानं जात नाही. दोन फोन एकमेकांना थेट सापडले नाहीत तर मध्ये टर्न नावाचा एक निरोप्या लागतो, तो सर्व्हरवर असतोच, पण त्याची वेगळी दारं फायरवॉलमध्ये उघडावी लागतात आणि मी ती उघडली नव्हती. यादी स्निकेटच्या माहितीपत्रकात आहे. ती समोर ठेव आणि एकेक टिक करत जा.

दुसरी गोष्ट. एका जूनमध्ये मी स्वच्छतेच्या भरात ऐंशी नंबरचं दार बंद केलं, कारण ‘हे कोण वापरतं’ असं मला वाटलं. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि नवं आणायला तेच दार लागतं. दोन-अडीच महिने काहीच झालं नाही. मग गौरी जेवणाच्या दिवशी दुपारी सगळ्यांचे फोन सर्व्हरला जोडले जाईनात. मी पुरण वाटायला बसलेली, आणि पाच घरांतल्या गौरींचे फोटो वाटेत अडकलेले. तेव्हापासून मी कुठलंही दार बंद करताना वहीत तारीख आणि कारण लिहिते.

इथवर आलीस की तुला वाटेल झालं. अगं, इथून तर सुरुवात. यंत्र अर्ध्या दिवसात उभं राहतं, माणसं आणायला सहा महिने लागतात.

पाच माणसांपासून सुरू कर, पंचवीस नकोत. मी पहिल्या आठवड्यात माहेरच्या मोठ्या ग्रुपवर लिंक टाकली. एकोणीस जणांनी ‘छान’ म्हटलं, सात जणांनी ॲप घेतलं, दुसऱ्या आठवड्यात बोलणारी मी एकटीच होते. ते सगळं थांबवून मी पुन्हा पाच जणांवर आले: आई, बहीण, भाचा, दादा आणि आत्या. रोज काहीतरी एकमेकांना सांगणारी माणसं. मोठा ग्रुप त्याच्या जागी राहू दे. लग्नाच्या पत्रिका, वाढदिवसाची फुलं, काकांची सुविचारांची चित्रं तिथेच शोभतात. तुझी छोटी खोली आहे ती रोजच्या बोलण्यासाठी. कुणाला ‘ते ॲप काढून टाक’ असं चुकूनही सांगू नकोस. लोक एक सोडायला तयार नसतात, दुसरं घ्यायला असतात.

आणि प्रत्येकाच्या घरी स्वतः जा. ॲप तू घालून दे, नंतर फोनच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन या ॲपला मोकळीक दे. बरेच अँड्रॉइड फोन वीज वाचवायला मागे चालणारी ॲप्स झोपवतात, मग निरोप सकाळी पाठवलेला आणि आजीला तो संध्याकाळी ॲप उघडल्यावर दिसतो. माझी आई आठवडाभर माझ्यावर रुसली होती, की मी तिला काही कळवत नाही. मी रोज कळवत होते. फोननं ते अडवून ठेवलं होतं.

आता जे सांगते ते नीट ऐक, बाकी विसरलीस तरी चालेल.

स्निकेट सर्व्हरवरचे निरोप आणि फाइली मुळात सात दिवसच ठेवतो. गप्पांचा साठा फोनमध्ये राहतो, सर्व्हर फक्त पोचवायचं काम करतो. विचार चांगला आहे, सर्व्हरवर कमी साठलं तर धोका कमी. पण मला ते माहीत नव्हतं. मी समजत होते की आपला सर्व्हर म्हणजे आपलं कपाट, ठेवलेलं तिथे राहणारच.

माझी आत्या सासवडला असते. तिचा काळा मसाला आमच्या घरात कुणालाच तसा जमत नाही. मी तिला कितीदा म्हटलं होतं, प्रमाण लिहून दे. ती म्हणायची, लिहून येत नाही, सांगता येतं. मग एका मार्चमध्ये तिनं स्वतः, कुणाची मदत न घेता, आपल्या सर्व्हरवर मला आवाजातला निरोप पाठवला. अकरा मिनिटांचा. मार्चअखेर म्हणजे बँकेत आम्हाला मान वर करायला वेळ नसतो. मी तो निरोप पाहिला, मनात म्हटलं, निवांत ऐकू. लहान फाइल फोन आपोआप उतरवून घेतो, मोठी मात्र आपण दाबल्यावरच उतरते. मी दाबलं नाही. एक एप्रिल उलटला, मी चहा घेऊन खिडकीत बसले आणि दाबलं. फाइल नव्हती. दहा दिवस झाले होते. आत्याला फोन केला, तर फोन भरला म्हणून तिनं तिच्याकडचं पुसून टाकलेलं.

पुढच्या रविवारी मी दिवे घाट चढून सासवडला गेले. तिच्या स्वयंपाकघरात बसून सगळं पुन्हा टेप केलं. धणे किती, सुकं खोबरं किती, दगडफूल कधी घालायचं, तीळ करपू द्यायचे नाहीत, सगळं मिळालं. पण पहिल्या वेळी तिनं मध्येच माझ्या आजीची एक गोष्ट सांगितली होती म्हणे, मसाला कुटताना आजी काय म्हणायची ती. दुसऱ्यांदा ती तिला आठवेना. दोघी बराच वेळ बसलो, तिनं खूप आठवून पाहिलं. नाहीच आठवली.

म्हणून पहिल्याच दिवशी त्या फाइलमध्ये तिसरी ओळ घाल, साठवण्याचे दिवस वाढवायची. मी नव्वद ठेवलेत, डिस्कला झेपतात. आणि त्याहून महत्त्वाचं, जे जपायचं आहे ते चॅटमध्ये सोडू नकोस. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी महत्त्वाचे आवाज आणि फोटो काढून तीन ठिकाणी ठेवते: लॅपटॉप, बाहेरची डिस्क, आणि एक प्रत बहिणीच्या घरी बाणेरला. सर्व्हरचाही बॅकअप त्याच दिवशी. आणि बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान मानू नकोस, सहा महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघ.

आता एक नाजूक बोलायचंय. तू सर्व्हरची मालकीण झालीस की घरातलं तुझं स्थान थोडं बदलतं. मजकूर तुला दिसत नाही. ओमेमो नावाच्या कुलपात तो फोनवरच बंद होतो आणि समोरच्या फोनवरच उघडतो. पण पाकिटावरचा पत्ता तुला दिसू शकतो: कुणाचं खातं आहे, कोण केव्हा जोडलं गेलं, कुणाचा निरोप कुणाकडे गेला. जाऊ आणि नणंद रात्री एक वाजता काय बोलत असतील, हा प्रश्न तुझ्या मनात येईल अशी वेळ येऊ शकते. तरी सर्व्हरच्या नोंदी उघडायच्या नाहीत. काही बिघडलं असेल आणि बघावंच लागलं, तर आधी सांगायचं, मग बघायचं. मी हे पहिल्या दिवशी आईच्या बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, काय दिसतं आणि काय दिसत नाही. आत्यानं विचारलं, ‘म्हणजे तू पोस्टमन?’ हो, म्हटलं, पोस्टमन. कुलपाचा दुसरा अर्थही सांगून ठेव. नवा फोन घेतला की जुने निरोप त्यावर आपोआप उघडत नाहीत, तेव्हा जुना फोन विकायच्या आधी तुला कळवायचं.

तुझे सासरे विचारतील, ‘यावरून पोलीस तर येणार नाहीत ना?’ माझ्या बाबांनी विचारलं होतं. सोशल मीडियाच्या मोठ्या कंपन्यांवर २०२१ च्या नियमांनी जी जास्तीची बंधनं घातली, ती ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असणाऱ्यांसाठी आहेत. आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून, एखाद्या व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलेला आहे. तू फक्त एक पथ्य पाळ: अनोळखी माणसाला खातं द्यायचं नाही. मैत्रिणीच्या मैत्रिणीला नाही, सोसायटीच्या सेक्रेटरींना नाही. निमंत्रण फक्त तूच देणार.

शेवटचं एक काम, तेही टाळू नकोस. बँकेत आम्ही रोज बघतो, खातं असतं आणि नॉमिनी नसतो, मग घरचे वर्षभर हेलपाटे घालतात. तुझ्या सर्व्हरलाही नॉमिनी हवा. मी एका पाकिटात लिहून ठेवलंय: डोमेन कुठे घेतलंय, मशीन कुठे आहे, पैसे कुठून जातात, चावीची फाइल कुठे आहे, आणि बंद करायचा झाला तर सगळ्यांना महिनाभर आधी कसं कळवायचं. ते पाकीट कपाटात मुदतठेवींच्या पावत्यांशेजारी आहे आणि बहिणीला ते ठाऊक आहे. मागच्या वर्षी माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा चार दिवस तिनंच बघितलं. एकदा सर्व्हर बंद पडला, तिनं पाकीट उघडून वाचलं आणि पुन्हा चालू केला. मला घरी आल्यावरच कळलं.

अडलं तर विचारायला पुण्यात माणसं कमी नाहीत. जीएनयू/लिनक्स वापरणाऱ्यांचा पुण्यातला गट वीसेक वर्षांहून जुना आहे. सिंबायोसिसच्या मॉडेल कॉलनीतल्या संगणक संस्थेत जीनुनिफाय नावाचं मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन वर्षानुवर्षं भरलं. सीओईपीच्या मुलांचाही असा गट आहे. प्रश्न विचारताना काय केलंस, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहून विचार. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलंस तर कुणालाच मदत करता येत नाही.

आणि मी आहेच. या आठवड्यात तू एवढंच कर: पाच नावं लिही, डोमेनचं नाव ठरव आणि इंटरनेटवाल्याला तो एक फोन कर. मशीन घेऊ नकोस अजून. शनिवारी दुपारी पोरांना आजोबांकडे सोड आणि लॅपटॉप घेऊन माझ्याकडे ये, आपण बसून उभं करू. जेवायलाच ये, आत्याच्या मसाल्याची भरली वांगी करते. मध्येच काही अडलं तर फोन कर, फक्त गुरुवारी सकाळी नको. आमच्या भागात परवा पुन्हा वीज नाही म्हणून निरोप आलाय.